सकाळचं मौन

श्रीगोंदा,
१६ मार्च २०२५

चि. केदार,

अनेक आशीर्वाद. सौ. मैत्रेयीला आणि शौनकलाही सांग. आम्ही दोघं बरे आहोत. ऊन आत्ताच डोक्यावर बसलंय आणि गच्चीवर तुझ्या इंदूवहिनीचे पापड वाळताहेत. त्यांची राखण माझ्याकडे आहे, म्हणून हे पत्र गच्चीवरूनच लिहितोय.

शौनकच्या मुंजीची पत्रिका फोनवर पोचली. छान झाली आहे. गणपती जरा लठ्ठ छापलाय, पण त्याला ते शोभतं. पौरोहित्य माझ्याकडे ठेवलंस याचा फार आनंद झाला. माझ्या नावाआधी तू ‘मौनव्रती’ छापलंस, ते वाचून इंदू इतकी हसली की गॅसवरचा चहा उतू गेला. मी हसलो नाही. हे पत्र त्या शब्दासाठीच आहे. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी लगेच विषय बदलतो, म्हणून लिहायला बसलो.

मौनाची गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली ती मच्छिंद्रकडून. मच्छिंद्र म्हणजे आपले जुने यजमान, ऊसवाले. दिवाळीनंतर त्यांच्याकडे वास्तुशांत होती. मी सकाळी लवकर पोचलो आणि ओसरीवर तोंड मिटून बसलो. त्यांची बायको छबूबाई चहा घेऊन आली, मी हातानेच नको म्हटलं. चार गोष्टी विचारल्या, मी नुसती मान हलवली. तिने आत जाऊन सांगितलं की गुरुजींनी मौन धरलंय. आठवड्याभरात सगळ्या गावाला कळलं. लोक वाकून नमस्कार करायला लागले, कोणी नारळ ठेवून जाऊ लागलं. तूही मैत्रेयीच्या माहेरी कौतुकाने सांगितलंस, हे मला ठाऊक आहे. मी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं, पण खरं सांगायला तोंड मोकळं झाल्यावरही मी ते उघडलं नाही. नमस्कार गोड लागतात रे.

माझी कंबर धरली होती ते तुला आठवत असेल. लग्नसराईत तासन्‌तास पाटावर बसायचं. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी एक दुखण्याची कॅप्सूल दिली. तिने दुखणं गेलं, थकवाही गेला. एका दिवसात दोन लग्नं लावून मी संध्याकाळी सत्यनारायणाला ताजातवाना बसायचो. कंबर बरी झाली, कॅप्सूल मात्र राहिली. मग एक पुरेना. चिठ्ठीशिवाय कुठे मिळते ते शोधत मी गावोगाव हिंडायचो आणि लोकांना वाटायचं, गुरुजींचे यजमान वाढले. मिळाली नाही की घाम, जुलाब, जांभया, पाय जागेवर ठरायचे नाहीत. तुझ्या घरभरणीला मी मधूनच उठून गेलो आणि पित्त झालं म्हणालो, ते पित्त नव्हतं.

पूजेच्या पिशवीत इंदूला पाकिटं सापडली. दुसऱ्या दिवशी ती मला एसटीत बसवून नगरच्या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथे दाखल व्हावं लागत नाही. सुरुवातीला रोज जायचो, नर्ससमोर गोळी घ्यायची. आता आठवड्याच्या गोळ्या घरी देतात. ती गोळी जिभेखाली ठेवायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, चहा तर नाहीच. माझं मौन ते एवढंच.

औषधाइतकंच तिथे बोलणंही असतं. मोनिकाताई म्हणून समुपदेशक आहेत, आपल्या मैत्रेयीच्या वयाच्या. दर खेपेला विचारतात, भावाला सांगितलंत का? मी दर खेपेला तुझ्या नोकरीचं कौतुक सांगत बसतो.

आता मागच्या महिन्यातलं सांगतो. सकाळी गोळी नुकतीच जिभेखाली ठेवली होती, तेवढ्यात छबूबाई तिच्या मुलाला, ओंकारला, हाताला धरून घेऊन आली. ओंकार ऊसतोडणीचं मशीन चालवतो, हंगामात दिवसपाळी-रात्रपाळी एकच. छबूबाई म्हणाली, “गुरुजी, ह्यो जागं ऱ्हायाला कसल्या तरी गोळ्या खातोय. समद्या चुलीत घातल्या. कालपासनं एक बी दिली न्हाई. तुमच्यापाशी मौन धरून बसवा, तुमच्या पुन्याईनं सुटंल.”

ओंकार भिंतीला टेकून बसला होता. नाक वाहत होतं, अंगावर काटा, पाय सारखा हलत होता. मी ते सगळं अंगावर काढलेलं आहे, म्हणून लगेच ओळखलं की गोळ्या माझ्याच कॅप्सूलच्या जातीच्या. आणि मला बोलता येत नव्हतं. ती माऊली हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यात दिव्य काहीतरी चाललंय असं समजून. केदार, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

गोळी विरघळली तसा मी म्हणालो, “छबूबाई, हे मौन नाही. जिभेखाली औषध होतं. ओंकारला जी सवय लागलीय तीच मला लागली होती.”

तिने जोडलेले हात खाली घेतले. म्हणाली, “मंजी तुमी बी?”

“मीपण.”

“मग ह्याला कुठं न्यायचं ते सांगा.”

एवढंच तिने विचारलं. त्यांच्याच जीपमधून आम्ही नगरला गेलो. डॉक्टरांनी तपासून ओंकारला पहिली गोळी तिथेच दिली. दुपारी त्याने स्टँडवर माझ्या देखत दोन वडापाव खाल्ले. आता आठवड्याला आम्ही एकाच एसटीने जातो. तो मला मशीनबद्दल सांगतो, मी त्याला झोपू देत नाही.

त्या दिवसापासून कोणी मौनाचं विचारलं की मी खरं सांगतो. मच्छिंद्र मात्र चिडलाय. गावभर कळायची काय गरज होती, म्हणतो. काही यजमानांनी दुसरे गुरुजी बघितले. एक सद्‌गृहस्थ म्हणाले, एक गोळी सोडून दुसरी धरली, यात सुटलं काय? त्यांना मी सांगितलं की पूर्वी सकाळी उठल्यापासून मी कॅप्सूल शोधायचो, आता सकाळी उठून संध्येला बसतो. डॉक्टर म्हणतील तोवर हे औषध घेणार. चार लोकांना बरं दिसावं म्हणून मध्येच सोडणार नाही. इंदूलाही तसंच सांगितलंय आणि ती या बाबतीत माझ्याहून खमकी आहे.

तेव्हा पत्रिकेतला तो शब्द काढून टाक. वैशाखात मी येईन. मुहूर्त लवकरचा आहे, म्हणजे पाहुणे जमायला लागतील तेव्हाच माझी गोळी जिभेखाली असेल. मी कोपऱ्यात गप्प बसलेला दिसेन आणि तुझे सासरे तुला विचारतील, दादा बोलत का नाहीत? त्या वेळी मला सांगता येणार नाही. तुला सांगावं लागेल.

ते जमणार असेल तर मला कळव. जमणार नसेल तर दुसरे गुरुजी बघ, मी राग धरणार नाही. काका म्हणून येईन आणि शौनकच्या झोळीत भिक्षा घालीन. पण गोळी त्या दिवशीही घेईन, सगळ्यांच्या देखत.

तुझा, औषध चालू असलेला,
नृसिंहदादा