एक सूर खाली

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
६ मे १८८४

प्रिय थिओ,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ड्रुसिलाचं लग्न ठरलं, तेही ओळखीच्या घरात, हे वाचून बरं वाटलं. सावत्र मुलीचं लग्न म्हणून तू कुठे हात आखडता घेणार नाहीस हे मला ठाऊकच होतं. पण ती पोर हटून बसली आहे की चर्चमध्ये तूच गायचंस, दुसरं कुणी नको. आणि तू तिला सांगितलंस की तुझा आवाज अकरा वर्षांपूर्वीच गेला. तिला ते पटेना. म्हणून आता मी तिला लिहायचं, की बाई गं, मी तिथे हजर होते, तुझ्या आईचा आवाज खरंच गेला, तिला छळू नकोस. 'अल्मे, तुझ्या शब्दावर ती विश्वास ठेवेल, एवढं एक काम कर,' असं तू लिहिलंयस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू माझ्याकडे काही मागितलंस. ते पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

माझं विचारशील तर तेच चाललंय. मिसेस टटलच्या घरातली वरची खोली, खाली दिवाणखान्यात तिचा पियानो आणि दिवसाला सहा मुली. सगळ्या मिळून एकाच वॉल्ट्झचा जीव घेतात. गेल्या आठवड्यात एकीची आई मला म्हणाली, 'मिस पीबडी, फार खोलात शिरू नका हं. पाहुण्यांसमोर दोन तुकडे वाजवता आले की झालं. लग्नानंतर कोण वाजवतंय?' मी म्हटलं, 'खरंय, नवऱ्यांचं नशीब.' बाई अजून त्यावर विचार करत असेल. शनिवारी संध्याकाळी सगळे भाडेकरू एकत्र जेवतो, तेच बीन्स आणि तोच काळा पाव. माझ्या उजवीकडची खुर्ची मिस्टर ऑलनी वारल्यापासून रिकामी आहे. मिसेस टटल म्हणते, 'नवा भाडेकरू मिळेपर्यंत तुमच्या कोपराला ऐसपैस जागा झाली.' मी फार एकटी आहे, थिओ. हे मी तुला कधी कळवलं नाही. ख्रिसमसच्या पत्रांत मी नेहमी हवापाण्याबद्दलच लिहिते.

आपली दौऱ्यांची ती सात वर्षं मात्र थंडीतच गेली, तरी मला ती उबदार आठवतात. गावोगावची ती सभागृहं, कोपऱ्यातली शेगडी, तिची धग पहिल्या दोन रांगांतच संपायची. बोटं आखडू नयेत म्हणून मी हात खुपसून ठेवायच्या फरच्या पिशवीत दोन भाजलेले गरम बटाटे ठेवायची, आणि कार्यक्रम संपला की तेच आपण मीठ लावून खायचो. कार्यक्रमपत्रिकेवर तुझं नाव ठसठशीत, त्याखाली पियानोच्या कारखान्याचं, आणि अगदी तळाला, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही असं, माझं. कित्येकदा तेही नाही. तू चिडवायचीस, 'अल्मे, तू लाकडाची असतीस ना, तर तुझंही नाव मोठं छापलं असतं.' मला राग यायचा नाही. साथ करणाऱ्याचं कामच असं, गाणारीला कळू न देता तिला सांभाळायचं. तू ओळ विसरलीस की मी पुढचा सूर हळूच पुढे करायची, तुझा दम कमी पडला की लय थोडी आवरायची. आणि पट्टीचंही मी तसंच केलं.

सत्तरच्या हिवाळ्यात तुला खोकला झाला होता, आठवतं? त्या आठवड्यात तुझं शेवटचं गाणं मी तुला न विचारता अर्धा सूर खाली वाजवलं. तू मजेत गायलीस, तुला पत्ताही लागला नाही. लागणार कसा? प्रत्येक गावचा पियानो आपापल्या तऱ्हेनं लावलेला, एक चढा तर दुसरा उतरलेला, तू त्यांनाच नावं ठेवायचीस. खोकला गेला, पण मी पट्टी पुन्हा चढवली नाही. उलट पुढच्या वर्षी सगळीच गाणी खाली आणली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी अर्धा सूर. समोर छापील कागद एका पट्टीतला आणि माझी बोटं दुसऱ्याच पट्टीत, रोज. तू खुशीत म्हणायचीस, 'तिशीनंतर बायांचे आवाज जड होतात म्हणे. माझा बघ, दिवसेंदिवस हलका होतोय.' मी मान डोलवायची. तुझा आवाज बिघडत नव्हता, थिओ. तो खालच्या सुरांत भरत चालला होता, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा गोड झाला होता. मी वेळेवर सांगितलं असतं तर त्याला शोभतील अशी गाणी निवडून तू आणखी वीस वर्षं गायली असतीस. आधी तुझी दया येत होती म्हणून बोलले नाही. नंतर दयाही राहिली नाही. माझ्याशिवाय तू कुणाबरोबर गाऊ शकणार नाहीस, हे फक्त मला माहीत होतं, आणि ते मला आवडायचं.

मग यूटिका आलं. स्टेशनाबाहेर बर्फावर पाय घसरून माझं मनगट मुरगळलं. त्याच दुपारी न्यूयॉर्कचा तो व्यवस्थापक तुझ्याकडे आला, सबंध हंगामाच्या कार्यक्रमांचं बोलणं घेऊन, साथीला त्याचा स्वतःचा माणूस. मला सांगताना तुझा चेहरा इतका फुलला होता, की मी 'छान झालं' म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी माझ्या जागी बसायला तिथल्या चर्चमधले ऑर्गनवाले मिस्टर क्रोल आले. सरळ माणूस, छापलंय तेच वाजवणारा. सरावाला वेळच नव्हता. त्यांनी पडद्यामागे मला अदबीनं विचारलं, 'बाई, काही विशेष सांगायचं आहे का? या कुठे श्वास घेतात, कुठे रेंगाळतात?' मी सगळं सांगितलं. तू कुठे घाई करतेस, कुठे डावा हात हलका ठेवायचा, अगदी पानांचे कोपरेसुद्धा दुमडून दिले. पट्टीचं तेवढं सांगितलं नाही. तू तिथेच केसांना पिना लावत होतीस म्हणून बोलता आलं नाही, अशी कित्येक वर्षं मी मनाची समजूत घातली. पण त्यांच्या कानात सांगता आलं असतं. मला वाटलं होतं, एखादा सूर चिरकेल, तू घाबरशील आणि परत येऊन म्हणशील, अल्मे, तुझ्यावाचून जमत नाही गं. दुसऱ्याच गाण्यात तू थांबलीस. पुन्हा सुरुवात केलीस, पुन्हा तिथेच थांबलीस. मग लोकांसमोर मान लववून आत आलीस, माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस आणि म्हणालीस, 'गेला गं.' मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हाही मी काही बोलले नाही. वसंतात तू मिस्टर बास्कमशी लग्न करून ओहायोला निघून गेलीस, आणि मला जे व्हायला नको होतं तेच झालं.

तेव्हा ड्रुसिलाला मी पत्र लिहिणार नाही. जे गेलंच नाही ते गेलं म्हणून त्या मुलीला खोटं कसं लिहू? तिच्याऐवजी तुला लिहितेय. हे वाचून तू माझ्याशी पत्रव्यवहार तोडशील, तो तुझा हक्क आहे. ख्रिसमसला मी टपालाची वाट पाहणारच, तो माझा. पण त्याआधी एक दिवस घरात कुणी नसताना दार लावून घे आणि गाऊन बघ. उंच जाऊ नकोस, सहज जमेल तिथूनच सुरू कर. मग लग्नाच्या दिवशी तुमच्या चर्चमध्ये ऑर्गनवर जो कुणी बसेल, त्याला गाण्याआधी एवढंच सांग, की छापलंय त्याच्या एक सूर खाली वाजवा. मिस्टर क्रोलना मी एवढंच सांगायला हवं होतं.

तू ठेवलीस तर अजूनही तुझीच,
अल्माइरा