दही, लिंबू, मीठ

प्रिय ठमे,

काल फोनवर मी तुझ्याशी धड बोललो नाही, त्याचा तुला राग आला असेल. बाबा, तुम्हाला काय वाटतं, आईचं इंजेक्शन बंद करायचं का, असं तू सरळ विचारलंस आणि मी गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन तिच्या हातात देऊन मोकळा झालो. गॅसवर काहीही नव्हतं. शुक्रवारी डॉक्टर ठरवणार, त्याआधी तुझ्याशी बोलणार, आणि तू जे म्हणशील त्याला तुझी आई मान डोलावणार, हे मला ठाऊक आहे. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागलाय. आज सोमवार. आई एका गिऱ्हाइकाकडे पडद्यांची मापं घ्यायला गेली आहे, म्हणजे दोन तास घर माझंच. आता लिहिलं आणि दुपारी कुरिअरवाल्याच्या हातात दिलं, तर बुधवारपर्यंत तुला मिळेल. अक्षर चालवून घे. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सोडल्या तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही.

चार महिन्यांपूर्वी सर्जनने आईचं पोट तपासून जे सांगितलं, ते तू फोनवर ऐकलंस, मी तिथे समोर बसून ऐकलं. हर्निया मोठा आहे, पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही, बारा किलो उतरवा आणि मग या, तोपर्यंत जड उचलायचं नाही, जोर करायचा नाही, आणि आतडं अडकलं तर घरी वाट बघत बसायचं नाही. हे सगळं तो बसची वेळ सांगावी तसं सांगत होता. तेव्हापासून आई शिंकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघतो. मग तू हे डॉक्टर शोधलेस, हे आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं. दर रविवारी सकाळी ती खुर्चीत बसून स्वतःच पोटात टोचून घेते आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभा राहतो. आयुष्य सुऱ्या चालवण्यात गेलं आणि एवढ्याशा सुईला घाबरता, म्हणून ती माझी टिंगल करते. करू दे.

औषधाने भूक मरते हे मला कळलं होतं. पण भूक मेलेलं माणूस घरात कसं दिसतं ते माहीत नव्हतं. तुझी आई कशी खाणारी होती ते तुला सांगायला नको. तीच आता ताटासमोर बसून म्हणायची, हे जेवण दुसऱ्या कुणाचंतरी असावं असं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलेलं की थोडंच खा, पण अंडं, मासा, चिकन, उकडलेल्या शेंगा, असं ताकदीचं खा. ते उकडलेलं चिकन तिच्या तोंडात नुसतं फिरत राहायचं. घास घशाखाली उतरेना. तेव्हा मला वाटलं, हे तर माझंच काम. एकतीस वर्षं मी हॉटेलात सॉसच्या ओट्यापाशी उभा होतो. मासा कुणीही भाजो, त्याच्यावर काय पडायचं ते मी ठरवायचो.

मग आमचे प्रयोग सुरू झाले, आणि खरं सांगतो, ते पहिले दीड-दोन महिने मजेचे होते. बाटलीतला टोमॅटो सॉस तिला नुसता पाक वाटला. लाल मिरचीचा सॉस एकदाच दिला. औषधाने पोट हळू रिकामं होत असल्यामुळे तो दिवसभर घशाशी येत राहिला आणि मी दोन दिवस बोलणी खाल्ली. व्हिनेगरच्या नुसत्या वासाने तिने तोंड फिरवलं. सोया सॉसमध्ये मीठ फार, आणि पाणी तर ती मारून मुटकून प्यायची. मोहरीचा सॉस चालला, पण चमच्याच्या टोकावर मावेल एवढाच. गरम काही नको, कारण वाफेबरोबर वास येतो. शेवटी सापडलं ते दही. रात्रभर फडक्यात बांधून पाणी गाळलेलं, त्यात लिंबू, मीठ, कधी किसलेली काकडी, कधी थोडी कोथिंबीर. फ्रीजमधून काढलेलं थंडगार, छोट्या वाटीत, चिकनच्या प्रत्येक तुकड्याला बोटभर लावून. मी एका वेळी चार-पाच प्रकार करून छोट्या बरण्यांत भरून ठेवायचो. ती दुपारी फ्रीज उघडायची, बरण्या ओळीने मांडायची, चिठ्ठ्या मोठ्याने वाचायची आणि आज कुणाचं नशीब उघडतंय ते जाहीर करायची. मोहरीची बरणी बिचारी आठवडाभर तशीच बसून असायची.

चिठ्ठ्यांची सवय हॉटेलातली. आमच्या वस्तादांचा नियम होता की बरणीत काय काय आहे, कधी केलं आणि कुणी केलं, हे तीनही त्यावर हवं. एक जरी गोष्ट लिहायची राहिली तर बरणी मोरीत. कुणाला कशाने त्रास होईल ते आपल्याला माहीत नसतं, खाणारा त्या चिठ्ठीच्या भरवशावर खातो, असं ते म्हणायचे. मी स्वतः एकदा भरलेलं पातेलं ओतून दिलंय, कारण चिठ्ठीवर दाण्याचं तेल लिहायला विसरलो होतो. एकतीस वर्षांत तिथे मी एकही खोटी चिठ्ठी लावली नाही. घरीही तीच सवय लागलेली. डॉक्टरांनी आईला खाण्याची वही ठेवायला सांगितली, तेव्हा तिने माझ्या चिठ्ठ्याच त्यात उतरवायला सुरुवात केली. चिकनचे चार तुकडे, दोन चमचे सॉस, कंसात दही, लिंबू, मीठ. इतकी नीट वही माझा दुसरा कुठलाही पेशंट ठेवत नाही, म्हणून डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. ती घरी येईपर्यंत हसत होती.

वजन उतरत होतं. नऊ किलो उतरलं, तू फोनवर टाळ्या वाजवल्यास, आईने कॅमेऱ्यासमोर एक गिरकीसुद्धा घेतली. मला मात्र टाळी वाजवता येईना. गळ्याखालची हाडं दिसायला लागली होती. अंगठी बोटातून निसटून दोनदा पिठाच्या डब्यात सापडली. ती तोंडात टाचण्या धरून, गुणगुणत, स्वतःचेच कपडे आत घेत बसायची आणि मी वर्तमानपत्राआडून बघायचो. वाटी भरलेली जायची आणि जवळजवळ भरलेलीच परत यायची. मी तिचे घास मोजायला लागलो होतो. सहा. पाच. एकदा तीन. आणि एका दुपारी तिने दोन बोटांनी ताट हळूच पुढे सरकवलं. मला वाईट वाटू नये म्हणून, अगदी अलगद.

ठमे, तुझ्या आजीबद्दल मी तुझ्याशी कधी फार बोललो नाही. तू तिला पाहिलं नाहीस आणि मला ते आठवायचं नव्हतं. मी बावीस वर्षांचा होतो, नुकताच हॉटेलात लागलेला, चार गोष्टी शिकून आलेला, आणि माझी आई आजारी पडली. शेवटचे अडीच महिने मी तिला रोज काहीतरी नवीन करून घालायचो. ती एक घास खायची, छान झालंय म्हणायची आणि दोन बोटांनी ताट सरकवायची. आजार पोटातच होता, तो कुणाला वेळेवर कळला नाही, मी काय शिजवतो याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मला आज कळतं. पण तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच, की ताट सरकवणारं माणूस निघालेलं असतं. तुझ्या आईचं तसं नाही, हे औषधाने होतंय आणि व्हायलाच हवं, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मी मान हलवली. पण ती जेवायला बसली की मी आधी तिच्या बोटांकडे बघायचो. मी इतका कधीच कशाला घाबरलो नव्हतो.

पुढचं तुला माहीत आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिला मळमळायला लागलं, मग करपट ढेकर, मग एक दिवसाआड उलटी. आणि आठ दिवसांपूर्वीचा तो रविवार. सकाळी उलटी करताना पोटातली ती गाठ एकदम वर आली आणि दगडासारखी घट्ट झाली. ती बाथरूमच्या दाराची चौकट धरून उभी होती, चेहऱ्यावर रंग नव्हता, आणि मला म्हणत होती, घाबरू नका. रिक्षात तिने माझा हात इतका दाबला की संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती. सर्जनने हाताने दाबून गाठ आत घातली आणि बाहेर येऊन सांगितलं, या वेळी गेली, पुढच्या वेळी जाईलच असं नाही. मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसलो होतो. थोड्या वेळाने नर्स माझ्याकडे आली आणि म्हणाली, बाई विचारतायत तुम्ही काही खाल्लंत का. संध्याकाळी डॉक्टरांनी वही पानोपान वाचली. इतकं हलकं खाऊन एवढ्या उलट्या, म्हणजे औषधच सोसत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी इंजेक्शन थांबवलं. त्या रविवारचं चुकलंच होतं, कालचंही दिलं नाही. आठ दिवसांत एकही उलटी नाही, तेव्हा त्यांची खात्रीच पटलीय. शुक्रवारी ते कायमचं बंद करतील, वजन परत चढेल, ऑपरेशन लांबेल, आणि ती गाठ तिथेच राहील. आणि तू काल रडत म्हणालीस, औषध मी शोधलं, चूक माझी.

चूक तुझी नाही, औषधाचीही नाही. सहा आठवड्यांपूर्वी, ते ताट सरकवल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी दह्यात पहिल्यांदा एक चमचा घट्ट क्रीम फेटलं. मग तिळाची पेस्ट. मग लोणी. थंड लोणी कसं जिरवायचं की ते कुठे दिसत नाही आणि चवीतही कळत नाही, फक्त घास मऊ होतो, हे मी एकतीस वर्षं केलंय. घास तर ती पाचच खाणार, निदान त्या पाचांत काहीतरी जाईल, असा माझा हिशोब. तेलकट नको, सायीचं नको, असं डॉक्टरांच्या कागदावर छापलेलं होतं, ते मी वाचलं होतं. पण जिभेला कळत नाही ते पोटाला काय कळणार, असा माझा माज होता. आणि तुझ्या आईला ते आवडलं गं. आज जमलंय म्हणाली, दोन घास जास्त खाल्ले, आणि मी दुसऱ्या दिवशी आणखी घातलं. बरणीवर दही, लिंबू, मीठ एवढंच लिहिलं, तिने ते वहीत उतरवलं, डॉक्टरांनी ते खरं मानलं. हॉस्पिटलातून आल्यावर मी सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या. म्हणजे एकाच दिवशी दोन गोष्टी बंद झाल्या आणि डॉक्टरांना एकच माहीत आहे. पत्र वाचलंस की लगेच त्यांना फोन कर, शुक्रवारची वाट बघू नकोस, आणि माझं नाव घेऊन सगळं सांग. मग औषधाचं काय ते त्यांना खरं कळून ठरवू देत. आईला मी आज ती परत आली की सांगणार आहे, हे पत्र त्यासाठीच आधी लिहून पाठवतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. ती ओरडली तर मी ऐकून घेईन, चार दिवस बोलली नाही तरी चालेल. पण लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी पुढे केलेलं काहीही तिने आजवर न बघता तोंडात टाकलंय, आणि उद्या दुपारी तिने वाटी उचलून आधी हुंगून पाहिली, तर मी तिच्यासमोर कसा बसू, ते मला कळत नाही.

तुझाच,
भित्रा बाबा