आचाऱ्याच्या नावावर काहीच नाही

ता. ४ जून

ति. मामास शि. सा. न. वि. वि.

मी कॉलेजात नक्की काय करते, हे तू दर पत्रात विचारतोस. ऐक. चोरी कोणी केली हे पोलीस शोधतात. चोरी झाली की आधी परगावच्या मजुरालाच का धरतात, हे मी शोधते. हसू नकोस, यावर मला पदवी मिळणार आहे.

सोबत प्रश्नावल्या आहेत. तुझ्या खोलीतल्या सगळ्यांकडून भरून घे. महिनाअखेर उत्तरं आली नाहीत तर बाई हा विषय दुसऱ्याला देणार आहेत. तेव्हा फरशा बसवणं जरा बाजूला ठेव आणि भाचीची लाज राख.

लोभ असावा, उत्तर त्याहून लवकर असावं.

तुझी, ठमी

ता. १२ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझे कागद आले आणि खोलीचं लग्नघर झालं. रंगाऱ्याला चौकीत दोनदा बसवलं होतं, ते त्याने चारदा सांगितलं. सुताराला करवतीपायी धरलं होतं. काल सांगता सांगता तिची तलवार झाली. मला माझ्याच सायकलचा चोर ठरवलं होतं, तेही लिहिलंय.

राहता राहिला आमचा आचारी. बापड्याला आजवर कोणी हटकलंसुद्धा नाही! तू ठमीच्या पुस्तकात यायचा नाहीस, असं रंगारी त्याला म्हणाला. तेव्हापासून त्याचं तोंड एवढंसं झालंय आणि भाजीत मीठ नाही. काहीतरी कर, आम्ही उपाशी मरू.

मामाचा लोभ आहेच.

ता. १७ जून

ति. मामास शि. सा. न. वि. वि.

आचाऱ्याला सांग, कोणी धरलं नाही हेही उत्तरच आहे. तो पुस्तकात येणार म्हणजे येणार. आता पोलिसांना त्याच्याबद्दल काय वाटतं हे कळलं असतं, तर सोन्याहून पिवळं!

मीठ घालायला सांग. लोभ वाढावा.

तुझी, ठमी

ता. २३ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवशी आचारी इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत गेला आणि आपल्याबद्दल साहेबांचं काय मत आहे, असं हवालदाराला अदबीने विचारता झाला. हवालदाराने विचारलं, काय केलंस? हा म्हणाला, काहीच नाही. काही न करता आपल्या पायांनी चौकीत कोण येतं? त्यात माणूस परगावचा निघाला. बसवला बाकावर. सोडवायला मी गेलो, मलाही बसवलं. आम्हाला सोडवायला रंगारी आला, त्याला तर ते ओळखतातच. शेवटी ठेकेदार आला तेव्हा सुटलो.

येताना आचारी नवरदेवासारखा चालत होता. रात्री आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो. सगळी उत्तरं सोबत धाडली आहेत, तुझं काम झालं.

पण तुझ्या कागदात जे विचारलेलं नाही ते इथे लिहितो. आज आचारी भाजीला निघाला आणि चौकीसमोरून न जाता मागच्या गल्लीने वळसा घालून गेला. मला फार वाईट वाटलं. आम्ही बाकीचे कित्येक वर्षं त्याच गल्लीने जातो. समोरून बिनधास्त जाणारा आमच्यात तो एकटाच होता.

जिवाला जप. लोभ आहेच.

तुझा मामा