राणीसरकार बसल्या की नेट चालतं

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण निव्वळ तांत्रिक. घरच्या कम्प्युटरवरचं नेट येतं आणि जातं. प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवली की कारण आपोआप समोर येतं, असं माझं मत आहे. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मलाच हाक मारतात. आमचा धंदा चष्म्याच्या काचांचा, घाऊक. पण डोकं कुठेही लागतंच.
बिघाड असा. कुठलीही साइट उघडायला गेलं की पत्ता सापडत नाही, अशी पाटी येते. वायर ठीक. राउटरचे दिवे हिरवेगार. हिच्या फोनवर त्याच राउटरवरून सगळं चालतं.
ही म्हणाली, कुणालातरी बोलवा. तेवीस तारखेला तिचा डेमो आहे. हिची शाळा बंद पडली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून ही घरी. आता गणिताचे ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या एका संस्थेने विचारलंय, पण आधी एक तास शिकवून दाखवायचा. लिहायची पाटी कम्प्युटरलाच जोडली जाते, त्यामुळे फोनवर भागणार नाही.
मी सांगितलं, तू निश्चिंत राहा. बाहेरचा माणूस बोलवायचा म्हणजे घरात माणूस नाही असा अर्थ होतो.
संकल्प: आठवड्याच्या आत दुरुस्त.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी नेट आलेलं होतं. काल मी रीस्टार्ट केलं, त्याचा गुण उशिरा आला असणार.
संध्याकाळी फिरायला निघण्याआधी, उन्हाळ्याचं वीजबिल आल्यापासूनच्या शिरस्त्याप्रमाणे, घरभर हिंडून बटणं तपासली. जिन्याखालच्या कोठीतलं बटण पुन्हा चालू. तिथे एक जुनं ब्लँकेट आणि त्यावर सासूबाईंची मांजर, बाकी काही नाही. बंद केलं. वीज काय झाडाला लागते?
परत आलो तर नेट नाही. माझी पाठ वळायची वाट बघत असावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
महत्त्वाचा शोध. साइटचं नाव टाकलं की उघडत नाही. तिचा नंबर टाकला की संपर्क होतो. म्हणजे कम्प्युटरला रस्ता ठाऊक आहे, फक्त नावं विसरलाय. आमच्या मोठ्या काकांचं शेवटी असंच झालं होतं. घर बरोबर गाठायचे आणि दारात उभं राहून, आपण कोण, असं विचारायचे.
हे जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. ही म्हणाली, कळलं, पण दुरुस्त कधी होणार. सासूबाई म्हणाल्या, आमटी निवतेय.
मोठ्या शोधांचं घरात असंच स्वागत होतं.

९ नोव्हेंबर, रविवार
हिच्या आग्रहाखातर कंपनीच्या मदत केंद्राला फोन. पुष्कळ वेळ बासरी ऐकवली. मग एक बाई आली. तिने सांगितलं की नावावरून नंबर शोधून देणारी एक व्यवस्था असते, तिला डीएनएस म्हणतात. हे मला माहीत होतंच. तिने सेटिंग उघडायला लावलं.
उघडलं, तर तिथे हाताने भरलेला एक नंबर. काय सुबक नंबर होता. असला नंबर चुकून येत नाही. कुणीतरी विचार करून बसवलेला, आणि ज्याने बसवला त्याला विषयाची जाण होती. बाई म्हणाली, तो पुसा आणि ऑटोमॅटिक करा. मी म्हटलं, केलं.
केलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांच्या सांगण्यावरून जाणकाराच्या कामाला हात लावणं मला पटत नाही.
नेट नव्हतंच. बाईचा उपाय चालला नाही, असं हिला सांगितलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज घरात अंधश्रद्धा शिरली.
हिने जाहीर केलं की राणीसरकार कोठीत ब्लँकेटवर बसल्या की नेट चालतं, आणि उठून गेल्या की बंद पडतं. राणीसरकार म्हणजे सासूबाईंची मांजर. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस म्हणून आल्या, सोबत मांजर. तेव्हा आंबे पिकायचे होते. आता थंडी पडली.
ही गणिताची बाई. एमएस्सी. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तेवढ्यावरून तू कावळ्याला सुतार ठरवतेस. ही म्हणाली, एकदा नाही, नऊदा गाठ पडलीय, आणि कावळा रोज तुम्ही निघालात की उठतो. सासूबाई मांजरीच्या कानामागे खाजवत राहिल्या.
या घरात मांजर आणि नेट हे शब्द एका वाक्यात बोलायचे नाहीत, असं मी सांगून टाकलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रयोग. नेट चालू असताना राणीसरकारांना कोठीतून उचललं आणि सोफ्यावर ठेवलं. नेट चालूच. हिला बोलावून दाखवलं. तिचा चेहरा पडला. अंधश्रद्धा अशी मुळापासून उपटावी लागते.
मनगटावर तीन ओरखडे. विज्ञानाला किंमत मोजावी लागते.
कोठीतून बाहेर पडताना बटण चालू दिसलं म्हणून बंद केलं. थोड्या वेळाने नेट गेलं. राणीसरकार कोठीत जाऊन ब्लँकेट हुंगून परत आल्या आणि सासूबाईंच्या मांडीवर बसल्या. ही माझ्याकडे बघत राहिली. मी ऑफिसला गेलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वायर बदलली. राउटर कपाटावर ठेवला. मग कपाटाखाली ठेवला. मग मी स्वतः हातात धरून खिडकीपाशी उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगमधले गृहस्थ हात हलवून गेले.
ही म्हणाली, सहा दिवस राहिलेत, आता तरी कुणाला बोलवा. मी म्हटलं, मी मुळापर्यंत पोहोचत आलोय. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, आणि उशी घेऊन आईच्या खोलीत झोपायला गेली. वाईट वाटलं. पण तिला घाई आहे आणि मला सत्य हवंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शुभवार्ता. सासूबाई एक तारखेला धाकट्या मुलाकडे जाणार. राणीसरकारांसह. मी फार वाईट वाटल्याचं दाखवलं. चांगलं जमलं असावं, कारण त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या.
त्यांच्या खोलीत माझं वर्कशॉप करणार. टेबल, दिवा, सोल्डरिंगचं सामान. दारावर पाटी नको, लोक आपोआप येतील.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ९. डेमो अकराला. नेट उत्तम. हिने इस्त्रीची साडी नेसलीय आणि देवापुढे उभं राहावं तशी कम्प्युटरपुढे उभी आहे. मी म्हटलं, मी आहे ना.

सकाळी १०.३०. विजेचा दाब कमी-जास्त झाला तर घात होईल. खबरदारी म्हणून घरातली सगळी फालतू बटणं बंद केली. फ्रिज, गीझर, इस्त्री, कोठी.

सकाळी १०.४५. नेट गेलं.

दुपारी १. सगळं क्रमाने लिहितो.
ही रडली नाही, ओरडली नाही. आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, आई, राणीला बसव. सासूबाईंनी मांजर काखेत मारली आणि कोठीकडे गेल्या. मी म्हटलं, निदान आजच्या दिवशी तरी हे खूळ नको. कुणी ऐकलं नाही. अकराला दोन मिनिटं कमी असताना नेट आलं.
मी दाराबाहेर उभा राहिलो. ही अपूर्णांक शिकवत होती. समोरच्या कुणीतरी काहीतरी चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा ही म्हणाली, वा, तू इथपर्यंत कसा आलास ते मला सांग, मजा येईल. वर्षभर हिचा हा आवाज घरात ऐकला नव्हता. आवाज गेलाय, हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. तास संपेपर्यंत मी दाराला कान लावून तिथेच उभा होतो, हे इथे लिहायला हरकत नाही.
नोकरी मिळाली. एक तारखेपासून रोज वर्ग. हिने राणीसरकारांना वाटीभर दूध दिलं. मला चहा मिळाला, पण नंतर.

२४ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसातून लवकर आलो. ही बाजारात, सासूबाई झोपलेल्या. कोठीत गेलो, राणीसरकारांना बाजूला केलं आणि ब्लँकेट उचललं.
खाली माझा जुना कम्प्युटर. चालू. गरम. घूं घूं करतोय.
तेव्हा आठवलं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी स्वतः बसवला होता. नावं शोधायला घरच्या कम्प्युटरने बाहेर कुणाला विचारायला जायचं नाही, घरातच या जुन्याला विचारायचं, अशी ती योजना. तो सुबक नंबर याचाच. जाणकार मीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा.
म्हणजे बटण बंद झालं की नावं बंद. बटण मी बंद करायचो. चालू कोण करायचं?
उपाय सोपा आहे. उद्या कुणाला न सांगता सेटिंग ऑटोमॅटिक करायचं आणि हा डबा भंगारात द्यायचा. मग मांजरीविना नेट चालवून दाखवायचं. प्रश्न सुटला, अब्रू राहिली, एक तारीख जवळच आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कोठीत डब्याची वायर सोडवत होतो. मागे सासूबाई. स्टूल ओढून बसल्या.
म्हणाल्या, राहू द्या, जावईबापू. राणीला ऊब लागते म्हणून त्या बटण लावायच्या. एकदा मी बंद केलं तेव्हा आत त्यांच्या लेकीचं नेट गेल्याचं ऐकू आलं, पुन्हा लावलं तेव्हा आलं. दिवाळीआधीच त्यांना सगळं उमगलं होतं. मी बंद करून गेलो की त्या चालू करायच्या. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. म्हणाल्या, तुम्ही इतकं मनापासून शोधत होता.
मग म्हणाल्या की धाकट्याकडे तीन जिने आहेत आणि दिवसभर घरात बोलायला कुणी नसतं. इथे निदान तुम्ही असता, काही ना काही चाललेलं असतं. लेकीने काल रात्री राहा म्हणून गळ घातलीय, मांजरीशिवाय वर्ग कसे घेऊ म्हणते. तुम्ही या डब्याला हात लावू नका, मी कुणाला काही सांगत नाही.
त्यांचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी फारच स्वच्छ दिसतं.
मी वायर पुन्हा जोडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण त्या उठताना मी त्यांना हात दिला, आणि तो मनापासून दिला.

१ डिसेंबर, सोमवार
नेट उत्तम. सासूबाई कायम. वर्कशॉप रद्द.
हिचा पहिला वर्ग झाला. सकाळी राणीसरकारांना ब्लँकेटवर बसवण्याचं काम माझ्याकडे आलंय, तांत्रिक आहे म्हणून. दोन नवे ओरखडे. कोठीच्या बटणाला मी हात लावत नाही, आणि का लावत नाही असं हिने अजून विचारलेलं नाही.
संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांचंही नेट सारखं जातं. हिने त्यांना आमचा उपाय सांगितला. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही त्यातले जाणकार, हे खरं का. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.
मी म्हटलं, खरं आहे. राणीसरकारांना पिल्लं झाली तर एक काकूंना द्यायचं ठरलंय.