राहिलेली पायरी

बुधवार, ११ तारीख

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तेव्हा ते राहू दे. आधी हे सांग, जिन्यावरून पडलो म्हणत गल्लीभर काय फिरतोस? जिना काय उठून तुझ्या कपाळात बसला? शाळेतलं स्टूल होतं ते, आणि मी घातलं. सात टाके पडले म्हणे. माझ्याकडे आला असतास तर पाचात शिवला असता, शिंपीण आहे मी.

एकाच मजल्याच्या अंतरावरून, खालून वर पत्र लिहिते, कारण समोर आलास तर पुन्हा हाताला येईल ते घालीन.

तुला वाटतं चिंगीने तुझी बदनामी करायला ते लिहिलं. अरे अक्कलशून्या, स्पर्धा होती ती! कॉम्प्युटरच्या बाईंनी सांगितलं होतं, घरातलं रोजचं एक काम पायरीपायरीने लिहा, मशीनने केलं तरी चुकणार नाही असं. कुणी दात घासायचं लिहिलं, कुणी झाडांना पाणी घालायचं. तुझ्या लेकीने तिचं रोजचं लिहिलं. नऊ वर्षांची आहे, तिला वाटलं सगळ्यांकडे असंच असतं.

सगळे कागद भिंतीवर लावून आईबापांना बघायला बोलावलं होतं. मला वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावत वाचलं. एक, जिन्यावरची पावलं ऐक. दोन, सरळ असतील तर ताट वाढ. तीन, वाकडी असतील तर पलंगाखाली जा. चार, पाय धरून ओढलं तर दोन्ही हातांनी डोकं झाक. पाच, आवाज थांबेपर्यंत चौथं करत राहा.

माझं वाचून होईतो तू तिला वेणीला धरून दारापर्यंत फरफटत नेलं होतंस. तिचा लिहिता हात फटीत धरलास आणि दार आपटलंस. दोनदा. हाडाचा आवाज मी ऐकला. दोन बोटं मोडली.

दवाखान्यात बाईंनी तिला विचारलं, "अगं, एक पायरी राहिली ना? कुणाला तरी हाक मारायची?"

ती म्हणाली, "आत्या खालीच राहते. पण आवाज सुरू झाला की ती मशीन चालवते, मग हाक पोचत नाही."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाढा म्हणावा तसं सांगितलं.

खरं आहे ते. तिची आई निघून गेल्यापासून दोन वर्षं मी हेच केलं. सुईखाली कापड नसलं तरी पाय मारत बसायचे. तुझ्या कपाळात घातलं त्यातलं निम्मं माझ्या कपाळाचं होतं.

आपले बाबा ओढायचे तेव्हा पलंगाखाली आपण दोघं असायचो. तुझ्या डोक्यावर माझे हात. हे बोट अजून वाकडं आहे बघ. पोरीच्या डोक्यावर तिचेच हात होते, त्यातला एक तू मोडलास.

चिंगी यापुढे माझ्याकडे राहील. सोबतचा कागद बाईंनी लिहून दिलाय. सही करून शनिवारी दुपारी बाराच्या आत माझ्या दाराखालून सरकव. खाली येऊन रडू नकोस, रडायचे तर बाबाही. बारा वाजून गेले, तर डॉक्टरांचा कागद आणि चिंगीचा कागद घेऊन चौकीत जाते. स्टुलाचंही सांगणार आहे. करू देत काय करायचं ते.

मशीन बंद ठेवलंय. तुझी पावलं ऐकू येतायत वर, आजही वाकडीच आहेत.

सही किंवा 'नाही', एवढंच लिही. शनिवार, बारा.

तुझी ताई