आधी घाम सुकू दे

ग्वाल्हेर, १९ मे, मंगळवार

सुधा गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. यंदा माठ काढायचाच नाही असं मी ठरवलं होतं. फ्रिज आहे, बास. पण गौरीनं मला न विचारता माठ धुऊन भरला, वाळ्याची जुडीही टाकली. हीच मुलगी आईला हसायची. उन्हातून आलेल्याला आधी बसवायचं, घाम सुकू द्यायचा, मग गूळ आणि माठातलं पाणी. सुधाच्या या नियमाची तिला चारचौघांत लाज वाटायची.

आज भर दुपारी, लूच्या गरम झळा चालू असताना, कूलर दुरुस्त करणारा शहराच्या हजीरा भागातून सायकलवर आला. आल्या आल्या पाणी मागितलं.

"भैया, पहले बैठो. पसीना सूखने दो," गौरी म्हणाली.

"दीदी, पानी पिला रही हो या पूजा करवा रही हो?"

मी आत ऐकत होतो. आता ही फ्रिज उघडणार, असं वाटलं.

"बैठ जाओ, नहीं तो मम्मी डाँटेंगी."

तो बसला. गूळ खाऊन दोन पेले पाणी प्यायला. वाळ्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. केवढा अभिमान वाटला!

संध्याकाळी मी बाजारातून वाळ्याची नवी जुडी आणली आणि माठाशेजारी ठेवली.