शेवटचं नाव

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गावातला पोपट आज दुकानात येऊन नव्या दगडावर बोट आपटून गेला! गावच्या पाणीटाकीची कोनशिला. वर्गणीदारांची सगळी नावं कोरली, फक्त त्याच्या आईचं, जानकाबाईचं नाही. "व्यायामशाळेच्या दगडावर न्हाई, पुलाच्या दगडावर न्हाई. आमी बौद्धवस्तीचेच कसं गळतो, दादाभाऊ?"

दुकानाचे मालक दादाभाऊ म्हणाले, "मशिननं खाल्लं आसंल."

मशिननं! मला नाय पटलं. ओझरला गणपती बघायला आलो आणि या दगड कोरायच्या दुकानात रमलो, पण डोळे उघडे आहेत माझे.

रविवारी टाकीचं उद्घाटन. नाव नसलं तर आई येणार नाय म्हणे. दादाभाऊ नवा दगड कापून देणार.

५ फेब्रुवारी

दादाभाऊंवर नजर ठेवली. नावं तेच टाईप करतात, संध्याकाळी, जुनाट कॉम्प्युटरवर — माझ्याहून वयानं मोठा असेल! एक नाव टाकायचं, सेव्ह. दुसरं टाकायचं, सेव्ह. सकाळी मशीन त्यावरून दगड कापतं.

आज मागंच उभा राहिलो. सगळ्यात शेवटी त्यांनी जानकाबाईचं नाव टाकलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. 'सेव्ह झाले' आलं. लगेच खाडकन मेन स्विच खाली, मशिनला हात जोडले, चपला घातल्या. "थ्री फेज लाईट जायच्या आत बंद केल्यालं बरं, पावणं."

दुकानाची किल्ली त्यांच्याच खिशात.

६ फेब्रुवारी

सकाळी कॉम्प्युटरवरून नाव गायब!! मशीन सुरू व्हायच्या आत बघितलं म्हणून बरं. आता बोला.

(दुपारी बिबट्याचे ठसे आहेत म्हणून उसात गेलो. कुत्र्याचे निघाले.)

परत येऊन कॉम्प्युटरची झडती घेतली. सोळा एमबी मेमरी, तरी म्हणतो 'मेमरी अपुरी'. बाकीची कोण खातंय? हा कॉम्प्युटर बसवणाऱ्या रवींद्रला चाकणला फोन लावला.

"लई संशयी हायेस राव! जुना प्रोग्राम पहिल्या सहाशेचाळीस केबीतच बसतो. पलीकडचं त्याला दिसतच न्हाई."

म्हणजे एसटीत सगळे दारापाशी कोंबलेले, मागची बाकं मोकळी.

"मोकळ्या जागेत मी डिस्क कॅशे बसवली. डिस्क लई मंद. मग लिहायचं ते आदी मेमरीत धरायचं, सवडीनं डिस्कवर उतरवायचं."

हॉटेलातला वेटर चार टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवून एकदाच आत जातो, तसं. मी विचारलं, आणि मधेच स्विच बंद केला तर?

तो म्हणाला, "मेमरीतलं गेलं."

७ फेब्रुवारी

आज मी टाईप केलं. 'सेव्ह झाले' आलं तरी स्विचला हात लावला नाय. खोक्यावरचा डिस्कचा लाल दिवा विझलेला. थोडा वेळ गेला — आणि आपोआप लुकलुकला! तेव्हा कुठं लिहीत होता, खोटारडा. मग बंद केला. परत चालू केला. जानकाबाई जागेवर!

"म्हनलो व्हतो ना, मशीन खातंय!" दादाभाऊ दुकानभर नाचले. मला भेळ चारली. चोर सापडला नाय म्हणून जरा हिरमुसलोच.

८ फेब्रुवारी

दगड झाला. पोपटनं आईच्या नावावरून बोट फिरवलं. मी सगळं समजावलं — मशीन जात बघत नाय, घाईनं बंद केलं की जे शेवटचं असेल ते पडतं, कुणाचं का असेना.

"आसं व्हय! उगाच चिडलो दादाभाऊंवर." हसला. मग दगडाची सगळ्यात खालची ओळ परत वाचली. "पर तिन्ही दगडांच्या यादीत शेवटी आमीच कसं?"

तो गेल्यावर दादाभाऊंना विचारलं, नावांचा क्रम कोण लावतं?

"लावायचा कशाला? त्यो लागतोच तसा."

रविवार, ९ फेब्रुवारी

जानकाबाई आली. पोपट बोट दाखवणार, त्याच्या आधीच तिनं दगड वाचायला घेतला — खालून वर.